राखून ठेवलेलं नाव

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या घरात ज्या तपासण्या झाल्या त्या सगळ्या बायकोच्या. तिचं रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघून झालं. कुंभारीला एक बाई पोट चोळून देते म्हणून तिकडेही नेऊन आणलं. शेवटी तिची पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, जी लग्नाच्या वेळी चांगली जुळली होती. माझी तपासणी करावी असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पुरुषाची तपासणी साखरेची करतात, तीही पाय सुजल्यावर.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर मी चालवतो. बायको शाळेत शिकवते. तिसरी आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते आणि रागात कुठलंच बोलत नाही. धाकटा भाऊ नातेपुत्याला असतो. तिथं त्याचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे, आणि त्याला दोन मुली आहेत. मला तो अण्णा म्हणतो.

रेल्वे लाइन्सकडच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी बायकोची जाडजूड फाइल उलटीपालटी केली आणि विचारलं, "यांचे रिपोर्ट?" बायको म्हणाली, "यांचे नाहीत." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. झाकण हरवून डबा बदलून मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो, तसं.

मग मला एक प्लास्टिकची डबी दिली आणि एका छोट्या खोलीत पाठवलं. खोलीत एक खुर्ची, एक वॉशबेसिन आणि भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं. मी आधी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून लावलं. निघताना पुन्हा सरळ केलं. माझ्याआधी येऊन गेलेल्यांनीही तेच केलं असणार, कारण त्याचा खिळा अगदी ढिला झाला होता.

रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "एकही नाही."

"एकही म्हणजे?"

"म्हणजे एकही शुक्राणू नाही."

मी दुकानदार माणूस. मला वाटलं थोडं कमी-जास्त असेल, काहीतरी तडजोड निघेल. पुन्हा तपासलं. पुण्याला जाऊन तपासलं. पुण्यात तेच शून्य जरा जास्त गुळगुळीत कागदावर मिळालं.

पुण्याहून आल्यावर स्टेशनवरून घरी येताना बायको स्कूटरवर मागं बसली होती. निम्मा रस्ता झाला. मग म्हणाली, "कुंभारीच्या त्या बाईनं माझं पोट किती जोरात चोळलं होतं हो." एवढंच म्हणाली. मला रडू कोसळलं. सोलापुरात हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक वळून बघतात, पण त्या दिवशी मी घातलं होतं आणि ते कामाला आलं.

डॉक्टरबाईंनी आमच्यापुढे तीन रस्ते ठेवले. एक, मूल दत्तक घ्या. दोन, दात्याचं वीर्य घेऊन उपचार करा. तीन, दोघंच मजेत राहा. तिसरा रस्ता बाईंनी अगदी मनापासून सांगितला, पण सोलापुरात तो चालू देत नाहीत. बायकोला मूल आपल्या पोटातून यायला हवं होतं. ती म्हणाली, "मला दुसरं चालेल. तुम्हाला चालेल का, ते तुम्ही बघा. नंतर माझ्याकडे बघून तोंड पाडायचं नाही."

मला चालेल का, हे मला कळत नव्हतं. मला भीती एकच होती आणि ती मी तिला स्पष्ट सांगितली: ते मूल तुझं होईल, तुझ्या आईचं होईल, सगळ्यांचं होईल आणि मी मात्र दुसऱ्याचा माल दुकानात मांडून बसल्यासारखा आयुष्यभर बसेन. ती म्हणाली, "बसा की. दुकानात बसायची सवय आहेच तुम्हाला." त्यावर आमचं ठरलं.

अव्वाला सांगायचं नव्हतं. पण मुलासाठी धरलेले सुनेचे उपास बंद झाले हे अव्वाला पहिल्याच सोमवारी कळलं. दुपारी ती चटणीसाठी शेंगदाणे निवडत बसली होती. मला समोर बसवून तिनं विचारलं, काय चाललंय. मी सांगून टाकलं, की दोष माझ्यात आहे.

"तुज्यात?" अव्वा म्हणाली. "तू तर लई खातोस की."

मी जमेल तेवढं समजावून सांगितलं. दुसऱ्या माणसाचं घेतात, मूल सुनेच्याच पोटी वाढतं, वगैरे. आईला हे सांगताना मी पूर्ण वेळ शेंगदाण्यांकडे बघत होतो.

"कुनाचं घेत्यात?"

"ते कळत नाही. त्याची बँक असते, तिथनं आणतात."

"कुटली बँक? सहकारी व्हय?"

"नाही. वेगळी असते."

अव्वानं बरेच शेंगदाणे निवडले. मग म्हणाली, "घरात असताना भायेरनं कशाला आनायचं?"

आमच्याकडे हे वाक्य दह्याच्या विरजणाबद्दल बोललं जातं, त्यामुळे तिला काय म्हणायचंय ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी हो-हो करून खाली दुकानात गेलो.

पुढं जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. अव्वानं नातेपुत्याला भावाला फोन लावला. असली गोष्ट आईनं मुलाला फोनवर सांगायची कशी? तिनं सांगितलीच नाही. ती एवढंच म्हणाली, "अण्णासाटी तुला एक गोष्ट द्याची हाय. त्याच्याकडं न्हाय, तुज्याकडं हाय. दवाखान्यात ये. आंगोळ करून उपाशी ये. कुनाला बोलू नको." भावानं विचारलं, काय द्यायचंय. ती म्हणाली, "आल्यावर कळंल," आणि फोन ठेवला.

आमची डॉक्टरांची वेळ होती त्या दिवशी अव्वा आपण होऊन बरोबर निघाली. मला वाटलं, सुनेसाठी येतेय. दवाखान्यात पोचलो तर बाकावर भाऊ आणि त्याची बायको बसलेले. पायाशी मोठी बॅग. बॅगेत लुंगी, टॉवेल, दोन जोड कपडे, थर्मास. भावजयीचे डोळे रडून सुजलेले. भावाच्या कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. इतक्या वर्षांत तंबाखू सोड म्हणून आम्ही त्याच्या मागं लागलो होतो; त्या आठवड्यात त्यानं ती सोडली होती, भावाच्या अंगात खराब काही जाऊ नये म्हणून.

भिंतीवर सगळीकडे गुटगुटीत, घाऱ्या डोळ्यांच्या बाळांचे फोटो. भाऊ ते एकेक बघत होता. "हितं हे बी करत्यात व्हय?" त्यानं मला विचारलं, आणि माझा हात घट्ट धरला. "अण्णा, भिऊ नको. मानूस एकावर बी झकास जगतंय."

"कशावर?"

"किडनीवर की."

मी अव्वाकडे बघितलं. अव्वानं पदर सारखा केला आणि ती बाळांचे फोटो बघू लागली. तेव्हा मला ते विरजणाचं वाक्य समजलं.

मी भावाला बाहेर टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. किडनीसाठी तीन तास बसमध्ये धीर गोळा करत आलेला माणूस. त्यानं ग्लास खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाला. शेजारी एक रिक्षावाला उभा होता, त्याच्याकडे बघून भाऊ उगीचच हसला.

"अण्णा," तो म्हणाला, "किडनी असती तर आत्ता आत जाऊन दिली असती बग."

"माहीत आहे मला."

"पन हे... उद्या ते पोरगं मला काका म्हनंल. आन् मी त्याच्याकडं कसं बगू? तूच सांग." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजं चुकतंय का?"

मी म्हटलं, नाही चुकत. मला तो त्या क्षणी इतका जवळचा वाटला की मी त्याला तिथंच मिठी मारली असती. पण आमच्या घरात पुरुष एकमेकांना फक्त मयताला मिठी मारतात. म्हणून आणखी एक-एक चहा सांगितला.

आत आलो तोवर अव्वाची डॉक्टरबाईंना योजना सांगून झाली होती. बाईंनी तिला शांतपणे उत्तर दिलं. "आजी, नात्यातल्या माणसाचं घेता येत नाही. कायदाच तसा आहे. देणारा कोण हे तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्ही कोण हे त्याला."

"कायदा कुनी केला?"

"दिल्लीत केला."

"त्यास्नी काय कळतंय घरातलं," अव्वा म्हणाली. लगेच दुसऱ्या बाजूनं सुरू झाली. "बरं. मग माळकरी नसला तर नसला, मटण खानारा तरी नको. आमच्यात चालत न्हाय."

"आजी, रक्तगट, उंची, रंग असलं जुळवता येतं. जेवण नाही जुळवता येत."

"अंडी?"

"अंडीही नाही."

"म्हंजे अंडी खात न्हाय?"

"म्हणजे ते आम्हाला माहीत नसतं."

अव्वानं याच्यावर खूप विचार केला. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला वाटतं, या प्रश्नाला त्या सरावलेल्या असाव्यात.

मग एका सिस्टरनं मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि निरखून पाहिलं. "गहूवर्णी लिहू की सावळा?" मागून अव्वा म्हणाली, "लग्नात गोरा हुता. दुकानात बसून बसून असा झालाय." सिस्टरनं गहूवर्णी लिहिलं. माझ्या आयुष्यात माझ्या रंगाचा एवढा बारकाईनं विचार मुलगी बघायला गेलो तेव्हाही कुणी केला नव्हता.

परत जाताना भावजय अजून बॅग धरून होती. जिन्यात तिनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, "मग आता कुनाची घेनार?" बायको म्हणाली, "बाहेरून मिळतेय." भावजयीनं देवाला हात जोडले. भावानं तिला खरं काही सांगितलं नाही, त्यामुळे पुढं किती तरी दिवस ती मला मोबाइलवर मीठ कमी खा, टोमॅटो बंद करा असे निरोप पाठवत होती. मी टोमॅटो खरंच कमी केले. भाऊ मात्र त्यानंतर आमच्याकडे यायचा बंद झाला. दिवाळीला सीझन आहे म्हणाला, जत्रेला गाडी बिघडली म्हणाला. फोनवर बोलायचा, पण समोर यायचा नाही. आणि मला त्याची आठवण आली की आधी ती थर्मास घेऊन आलेली बॅगच आठवायची.

उपचार एकदोनदा फुकट गेले, मग लागू पडले. ज्या दिवशी लागू पडले त्या दिवशी मी तिथंच होतो, बायकोचा हात धरून स्टुलावर. काम दुसऱ्याचं, हजेरी माझी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, तिचा हात सोडा आता, झालं." मला कळलंही नव्हतं.

या देणाऱ्या माणसाबद्दल मी खूप विचार केला, अजूनही करतो. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे की तो माझ्याएवढा उंच आहे, माझ्या रक्तगटाचा आहे आणि उजेडात गहूवर्णी दिसतो. सोलापुरात असा प्रत्येक तिसरा माणूस आहे. तो सोलापूरचा नसणार हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी दुकानात त्या बेताचा कुणी शिरला की मी त्याला बसा म्हणतो, चहा सांगतो आणि डब्याच्या झाकणाची तक्रार असेल तर हुज्जत न घालता बदलून देतो. बायकोच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, "अशानं दुकान बुडेल." पण थांबा असं ती म्हणाली नाही.

बायकोला दिवस गेल्यावर अव्वानं कशात काही कमी केलं नाही. डोहाळजेवण झालं, डिंकाचे लाडू झाले, जुन्या लुगड्यांची दुपटी झाली. पण गल्लीत कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सूनबाईला सातवा हाय." माझ्या घरात नातवंड येतंय, असं ती एकदाही म्हणाली नाही. मी वरच्या खिडकीत उभा राहून ऐकायचो. मला वाटायचं, राहू दे, येईल तिच्या तोंडात. मग मुलगा झाला आणि नावाचा विषय निघाला.

आमच्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. भावाला दोन मुली, त्यामुळे वडिलांचं नाव मोकळंच होतं. वडिलांचं नाव म्हणजे आमच्या शहराच्या ग्रामदैवताचं नाव. आणि अव्वा जुन्या वळणाची; नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडातून काढलेलं नाही. त्यामुळे तिची सोलापुरात फार पंचाईत असते. देऊळ, तळं, जत्रा, मुंबईची एक्स्प्रेस, सगळ्यांना तेच नाव. ती देवळाला 'आपलं देऊळ' म्हणते आणि एक्स्प्रेसला 'रातची गाडी'. मतदानाच्या वेळी अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं की ती मागच्या बाईला सांगायला लावते. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, पण नियम चालू आहे.

जेवताना मी म्हटलं, "अव्वा, बाळाला वडिलांचंच नाव ठेवायचं ना?"

अव्वानं भाकरी मोडली. "ते नाव धाकट्याच्या पोराला राखून ठिवलंय."

"त्याला दोन मुली आहेत."

"हुईल की पोरगा."

बायको पानावरून उठली आणि बाळाला घेऊन आत गेली. बाळ झोपलेलं होतं, त्याला घेण्याची काही गरज नव्हती. मी खाली गेलो, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि सगळी पातेली खाली काढून पुन्हा फळीवर मांडली. दुपारची वेळ होती. त्या दिवशी गल्लीत कुणाचाही डोळा लागला नसेल. पुण्याच्या रिपोर्टनं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्यानं लागलं. रिपोर्टमध्ये मी बाप होऊ शकत नाही एवढंच होतं. अव्वा म्हणत होती की मी झालोच नाही.

तिचं चूक होतं असंही मला म्हणता येईना. नवरा तिचा. नाव त्यांचं. ते कुणाच्या हाती द्यायचं हे तिनंच ठरवायचं, असं माझं मलाच वाटायचं, आणि मग आतून बाळाचा रडण्याचा आवाज आला की नेमकं उलटं वाटायचं.

बारशाला भाऊ आला. त्या दवाखान्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. भावजय मला खालून वरपर्यंत बघून म्हणाली, "भावजी, तब्येत सुधारली की." शेजारच्या बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या आणि बाळाचे अवयव वाटून घेत होत्या. नाक बापाचं, कपाळ आईचं, कान कुणाचे यावर थोडा वाद झाला आणि मग कानही मला देण्यात आले. मी हात जोडून घेतले. बायको पदराआड हसत होती.

मी पाण्याची कळशी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर भाऊ अव्वापुढं उभा होता. मला बघून थांबला नाही.

"अव्वा, ते नाव माज्यासाटी राखून ठिवू नगा," तो म्हणाला. "मला दोन पोरी हायत, बास झाल्या. आता पोरगं न्हाय आन् कायबी न्हाय. त्या दिशी मी रिकाम्या हातानं परत गेलो. तेव्हापासनं मला हितं यायला तोंड न्हवतं. एवडं तरी देऊ द्या मला अण्णाला."

माझ्या हातात कळशी होती. ती मी तशीच धरून उभा राहिलो.

अव्वा वाटीत साखर भरत होती. तिनं ती पूर्ण भरली, वरून सपाट केली. मग म्हणाली, "ठिवा की. मला काय? तुमी ठिवा. मी खुशाल हाक मारीन त्या नावानं. मला काय अडचन न्हाय."

भावाला वाटलं, होकार मिळाला. तो आनंदानं बाहेर गेला. मला मात्र तिचं म्हणणं कळलं होतं. जे नाव तिनं कधी घेतलं नाही ते घ्यायला तिला अडचण नाही. कारण तिच्या दृष्टीनं ते आमच्या घरचं, तिच्या नवऱ्याचं नाव असणारच नव्हतं. गल्लीत त्या नावाची आणखी चार पोरं आहेत, त्यांतलंच हे एक. इतकं शांतपणे आणि इतकं बारीक कापणारं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मला सख्खी बहीण नाही. चुलत बहिणीनं बाळाच्या कानात वडिलांचं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. अव्वानंही वाटल्या.

त्यानंतर मी ऐकत राहिलो. खाली गिऱ्हाईक असलं तरी कान वर. अव्वा त्या नावानं हाक मारते का? कधी मारेल? ती बाळाला तेल लावायची, धुरी द्यायची, टकल्या म्हणायची, राजा म्हणायची, सोन्या म्हणायची. सोलापुरातली प्रत्येक म्हातारी कुठल्याही बाळाला हेच म्हणते. शेजारणीच्या नातवालाही ती टकल्या आणि राजाच म्हणायची. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. मी बायकोला विचारलं, तू सध्या रजेवर घरात असतेस, तुझ्या कानावर काही? ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघणं सोडा आणि पोराकडे बघा." मी पोराकडेही बघत होतो. ते माझ्याकडे बघून हसायला लागलं होतं. खाली गिऱ्हाईक, वर पोर असं माझं वरखाली चालू होतं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या बेताच्या एका गहूवर्णी माणसाला मी चहा सांगायचा विसरलो. आला होता, कुकरची रिंग घेऊन गेला. मला मात्र तो आठवला तो दुकान बंद करताना.

पण अव्वाचं तसंच राहिलं होतं. मुलगा माझा झाला होता, एवढं मला कळलं होतं. तो वडिलांचा झाला का, ते कळत नव्हतं. आणि मला ते दोन्ही हवं होतं. लोक म्हणतात, आपल्या मनात असलं की पुरे. मला नाही पुरत.

एका इंजेक्शनच्या दिवशी बायकोच्या शाळेत परीक्षा होती, तिला सुटी मिळाली नाही. महापालिकेच्या दवाखान्यात अव्वा आणि मी बाळाला घेऊन गेलो. ही गर्दी. बायका, पोरं, रडारड. बाळाबरोबर आत एकालाच सोडत होते. अव्वा बाळाला घेऊन आत बाकावर बसली, मी दारात बायकांच्या मागं उभा राहिलो. एका टेबलाशी सिस्टर बसली होती आणि नंबर आला की नाव विचारत होती. तिला दम काढायला वेळ नव्हता.

अव्वाचा नंबर आला.

"नाव काय बाळाचं?"

अव्वानं तोंड उघडलं. मी मनाशी म्हटलं, घेतलं आता. दुसरं करणार काय? विचारणारी समोर, मागं रांग, मी दारात. मी खाली फरशीकडे बघायला लागलो. मला ते ऐकायचं नव्हतं.

काही ऐकू आलं नाही. मी वर बघितलं. अव्वा मांडीवरच्या पोराकडे बघत होती. मग तिनं एका हातानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान वळवून गर्दीत मला शोधलं आणि हाक मारली.

"ए, तू सांग की रे ह्यांचं नाव."

सिस्टरनं पेन आपटलं. "काय हो आजी? दिवसभर तुम्हीच सांभाळत असाल, आणि नातवाचं नाव येत नाही?"

"येतंय की!" अव्वा चिडून म्हणाली. "न यायला काय झालं? पन मी कसं घेऊ?"

सिस्टरला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नाव सांगितलं, पण ते तिच्या टेबलापर्यंत पोचलंच नाही. "मोठ्यानं बोला हो," ती ओरडली. मग मी माझ्या मुलाचं नाव सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.